वऱ्हाडच्या तीन घाटांची सफर

'सफारी' हा शब्द आतां घरोघरीं ऐकूं येतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेंत त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' असा आहे. आणि स्वाहिलींत तो आला अरबी 'सफर' या शब्दावरून. तोच 'सफर' फार्सीच्या वाटेनें मराठींतहि येऊन कित्येक शतकें झालीं. केनियांतील वाटाड्या 'सफारी' म्हणतो आणि वऱ्हाडांतला म्हातारा 'सफर' म्हणतो, तेव्हां दोघेहि एकाच घरचा शब्द उच्चारीत असतात. भेद एवढाच, कीं एकाची सफर सिंह-हत्तींच्या मुलखांत होते आणि दुसऱ्याची बहुधा शेगांव-पंढरपुरापाशींच थांबते.

पातूरच्या एका जोडप्याचें उदाहरण कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावें. मुलेंबाळें आपापल्या संसाराला लागलेलीं, गृहस्थांची साठी जवळ आलेली, घरीं चार एकर शेत आणि हातीं थोडी शिल्लक. दूरचित्रवाणीवर सेरेंगेटीच्या माळावरून धांवणारे कळप पाहून बाई एका संध्याकाळीं म्हणाल्या, "अहो, जन्मांत एकदां तरी हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें असें वाटतें." गृहस्थांनीं विमानाचें भाडें आणि तंबूंतल्या मुक्कामाचा दर बोटांवर मोजला आणि ते म्हणाले, "आफ्रिका कांहीं पळून जात नाहीं. पण आपल्या दारचें रान तरी तूं कोठें पाहिलें आहेस?" बाईंचें उत्तर तयारच होतें. "न पाहायला काय झालें? दरसाल रोही तुरींत शिरतात, तेव्हां सारें रानच दारीं आलेलें असतें!"

या उत्तरांत विनोद आहे, तसाच थोडा कडवटपणाहि आहे. ज्याच्या पिकांत रात्रीं रोही आणि रानडुकरें शिरतात, ज्याला ऐन थंडींत मचाणावर बसून जागल करावी लागते, त्याला 'वन्य प्राणी पाहावयास चला' असें म्हणणें म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखें वाटावें, यांत नवल नाहीं. म्हणून हें रान कशासाठीं राखावयाचें, कोणाच्या खर्चानें राखावयाचें, आणि तें राखलें नाहीं तर पातूर-अकोल्याच्या माणसाचें काय जातें, हे प्रश्न या सफरीच्या मुळाशीं आहेत.

प्रथम आफ्रिकेचीच गोष्ट घेऊं. तेथील प्राणी एवढे दिसतात कसे? टांझानियांतील सेरेंगेटी हें राष्ट्रीय उद्यान १९५१ सालीं स्थापन झालें; त्याचा विस्तार सुमारें १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या दक्षिणेकडील माळावर जवळच्या ज्वालामुखींची राख युगानुयुगें पडत आली. त्या राखेंतील क्षारांमुळें जमिनीखालीं थोड्याच खोलीवर दगडासारखा कठीण थर बनला. झाडांचीं मुळें त्यांतून खालीं जाऊं शकत नाहींत. आंखूड मुळांचें गवत मात्र वर उत्तम माजतें, आणि राखेंतील क्षारांमुळें तें पौष्टिकहि असतें. झाड नाहीं म्हणून आडोसा नाहीं. गवत आहे म्हणून कळप आहेत. दहा लाखांहून अधिक नू नांवाचे गवताळ प्राणी आणि त्यांच्या बरोबर लाखों झेब्रे पावसाच्या मागोमाग वर्षभर एक मोठें वर्तुळ चालतात. वर्षारंभीं ते दक्षिणेकडील माळावर पिल्लांना जन्म देतात आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास मारा नदी उतरून केनियांतील मसाई मारांत जातात. प्रवासी मोटारींत बसून मैल दीड मैलावरूनहि सिंह पाहूं शकतो, याचें श्रेय सिंहाच्या धिटाईपेक्षां त्या राखेलाच अधिक आहे.

आतां वऱ्हाडकडे वळावें. जुन्या कागदपत्रांत या प्रांताचे तीन भाग सांगितलेले आढळतात. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड डोंगरांचा मेळघाट. मध्यें पूर्णा नदीचें काळ्या मातीचें सपाट खोरें, तें पाईनघाट. आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेचा चढ चढून गेलें म्हणजे बालाघाट. पातूर हें गांव नेमकें पाईनघाटाच्या कडेस, बालाघाटाच्या पायथ्याशीं वसलेलें आहे. अकोल्याहून तीस-पस्तीस किलोमीटर आलेली सडक पातूर ओलांडतांच घाट चढूं लागते आणि मेडशी-मालेगांवावरून वाशीमकडे जाते. तेव्हां पातूरकराला तीनहि घाट पाहावयाचे असल्यास घराच्या मागच्या दारानें निघून पुढच्या दारानें लांब जावयाचें, एवढेंच काय तें.

मागचें दार म्हणजे काटेपूर्णा अभयारण्य. अकोला व वाशीम या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, महान येथील धरणाच्या जलाशयाभोंवतीं, सुमारें ७३ चौरस किलोमीटरचें हें छोटेंसें रान १९८८ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. येथें वाघाचें आकर्षण नाहीं. येथील मानकरी आहे चौशिंगा. बकरीएवढें अंग, तांबूस तपकिरी रंग आणि नराच्या डोक्यावर दोन नव्हे तर चार शिंगें. दोन कानांच्या मध्यें आणि दोन आंखूड कपाळावर. जगांत आज जे शिंगाळे रवंथ करणारे प्राणी रानांत आहेत, त्यांत चार शिंगें निसर्गतः असलेला हा एकच. आणि तो भारत व नेपाळ सोडून कोठेंहि आढळत नाहीं. ज्या आफ्रिकेंत हरिणांच्या व कुरंगांच्या जाती डझनांनीं मोजाव्या लागतात, तेथेंहि हा प्राणी नाहीं. तो कळपानें राहत नाहीं. एकटा किंवा जोडीनें झुडुपांच्या कडेनें फिरतो आणि पाण्यापासून फार दूर जात नाहीं. चाहूल लागतांच तो अंग झांकून पळतो, म्हणून पाहणाराला क्षणभरच दिसतो.

जलाशयाच्या कांठीं थंडींत परदेशीं जन्मलेलीं बदकें उतरतात. पण या पाण्याचा दुसरा एक परिचय अकोलेकरांना रोज होत असतो. अकोला शहराच्या नळाला जें पाणी येतें, तें मुख्यतः याच जलाशयाचें. भोंवतींचे उतार उघडे पडले, कीं पहिल्या पावसाबरोबर माती वाहून धरणांत येते. उतारावर झाड-झुडूप असलें, कीं पाऊस थबकतो, मुरतो आणि ओढ्यांवाटे हळूहळू खालीं उतरतो. चौशिंगा ज्या झुडुपांत लपतो, तींच झुडुपें शहराच्या पाण्याचीं राखणदार आहेत.

दुसरा टप्पा उत्तरेचा. अकोल्याहून सुमारें पंचेचाळीस किलोमीटरवर अकोट, आणि तेथून पोपटखेडवरून शहानूर. येथें पाईनघाट एकाएकीं संपतो आणि सातपुड्याची भिंत समोर उभी राहते. तिच्या एका शिखरावर नरनाळ्याचा किल्ला आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला त्याचा महाकाळी दरवाजा, त्यावरील कोरीव अक्षरें आणि सज्जे पाहून दगड एवढा मऊ कसा झाला असें वाटतें. किल्ल्यावरील जुन्या तळ्यांवर आज जनावरें पाणी पितात. नरनाळा, वान आणि अंबाबरवा हीं तीन अभयारण्यें १९९७ सालीं घोषित झालीं आणि मेळघाटच्या मोठ्या राखीव रानाचीं तीं दक्षिणेकडील अंगें बनलीं.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. २२ फेब्रुवारी १९७४ रोजीं तो व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाला. १९७३ सालच्या एप्रिलांत देशांत व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली, तिच्या पहिल्या नऊ रानांत महाराष्ट्राचें हें एकच होतें. आज गाभा आणि त्याभोंवतींचें राखण क्षेत्र मिळून त्याचा विस्तार २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पांच नद्या या रानांतून वाहत जाऊन तापीला मिळतात. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, सिपनाकांठचें कोलखास, पुढें हरिसाल, आणि दुसऱ्या वाटेनें चिखलदरा, अशीं प्रवाशाच्या मुक्कामाचीं ठिकाणें आहेत. वैराटचें शिखर सर्वांत उंच, १,१७८ मीटर.

येथें उघड्या मोटारींत बसून, बरोबर स्थानिक वाटाड्या घेऊन, ठरलेल्या वाटांनींच फिरावें लागतें. नवख्या प्रवाशाची पहिली तक्रार हीच, कीं दोन-दोन फेऱ्या झाल्या तरी वाघ दिसत नाहीं. ती तक्रार करण्यापूर्वीं सेरेंगेटीची राख आठवावी. मेळघाटची जमीन आहे काळ्या कातळाची, उतार तीव्र, दऱ्या खोल. त्यावर साग, ऐन, धावडा, हळदू, सालई, तेंदू, मोह आणि बांबू यांची दाटी. वीस पावलांवरचा सांबर पानांआड नाहींसा होतो. गवताचे सलग माळ नाहींत, म्हणून लाखांचे कळप नाहींत. आणि भक्ष्य विखुरलेलें आहे म्हणून वाघालाहि फार मोठा मुलूख एकट्यानें फिरावा लागतो. आफ्रिकेंतील सिंह कुटुंबवत्सल आणि उघड्यावर निजणारा; आपला वाघ एकलकोंडा आणि रात्रिंचर. एक रान नाटकगृहासारखें आहे, तर दुसरें पोथीसारखें. पोथी वाचावयाची तर अक्षरओळख पाहिजे.

ही अक्षरओळख वाटाड्या करून देतो. धुळींत उमटलेलें पाऊल गोलसर, चौकोनी भासणारें असलें तर बहुधा नराचें. लांबट असलें तर मादीचें. सागाच्या खोडावर उभे ओरखडे दिसले तर ते नख्यांचे. मोहाच्या झाडाखालीं माती उकरलेली, जवळच वारूळ फोडलेलें, तर रात्रीं अस्वल येऊन गेलें. पण डोळ्यांपेक्षां कान अधिक उपयोगी पडतात. वानर उंच फांदीवर बसून खांकरल्यासारखा आवाज करूं लागला, चितळानें तीव्र शीळ घातली, भेकर कुत्र्यासारखें भुंकलें, तर कांहीं तरी हिंडत आहे असें समजावें. चितळ थोडक्यानेंहि दचकतें. सांबर मात्र सहसा उगाच ओरडत नाहीं. सांबराचा खणखणीत 'पोंक' ऐकूं आला, कीं वाटाड्या गाडी थांबवितो आणि बोट ओठांवर ठेवतो.

कल्पिलेल्या जोडप्यालाहि अशी एक सकाळ लाभावी. दहा मिनिटें कोणी बोलत नाहीं. दरींतून सांबर दोनदां ओरडतो, मग तिसऱ्यांदा, जरा लांबून. बांबूचें एक बेट हालतें आणि पुन्हां स्थिर होतें. दिसत कांहींच नाहीं. बाईंच्या हाताची पकड गाडीच्या दांड्यावर घट्ट झालेली असते. पुढें वळणावर गव्यांचा कळप उभा. काळेंभोर अंग, पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि मोठा नर हजार किलोपर्यंत वजनाचा. आफ्रिकेंतील प्रसिद्ध रानरेड्याहूनहि गवा आकारानें मोठा असतो, ही गोष्ट पुष्कळ जणांना ठाऊक नसते.

लहान जिवांकडेहि पाहावें. रानपिंगळा हें घुबडाच्या कुळांतलें एक लहानसें पांखरूं. १८८४ नंतर तें कोणाला खात्रीनें आढळलें नव्हतें. तें नाहींसें झालें असेंच पक्षिशास्त्रज्ञ समजून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्यें खानदेशांत शहाद्याच्या बाजूस कांहीं अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञांना तें जिवंत दिसलें, आणि पुढें मेळघाटांतहि त्याची चांगली वस्ती असल्याचें आढळून आलें. इतर घुबडांप्रमाणें तें केवळ रात्रींचें नाहीं. सकाळच्या उन्हांत सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून सरड्यांवर नजर ठेवतें. शंभरांहून अधिक वर्षें हरवलेलें पांखरूं दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलें असतें, आणि गाडींतलीं माणसें मात्र वाघासाठीं जमिनीकडे पाहत पुढें निघून जातात!

वाघ दिसत नाहीं, मग तो मोजतात कसा? पूर्वीं पावलांच्या ठशांवरून मोजीत. ती रीत सदोष ठरल्यावर आतां पायवाटांच्या दोहों बाजूंस स्वयंचलित कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला, कीं दोन्ही कुशींचें चित्र निघतें. जसे दोन माणसांच्या अंगठ्याचे ठसे सारखे नसतात, तसे दोन वाघांचे पट्टेहि सारखे नसतात. त्यामुळें एकच वाघ दोनदां मोजला जात नाहीं. दर चार वर्षांनीं होणाऱ्या या गणनेंत २०२२ सालीं महाराष्ट्रांत ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्यांवर मचाण बांधून बसण्याचा प्रघात मात्र अजून आहे. ओढे आटलेले, पाणी मोजक्याच डोहांत उरलेलें आणि चांदणें पिठासारखें. जो येईल तो तेथेंच येणार. आतां त्याचा हेतु गणनेपेक्षां लोकांना रानाचा अनुभव देण्याचा आहे.

या रानांत माणसें किती पिढ्यांपासून राहत आलीं, हें सांगितल्याशिवाय त्याचें वर्णन पुरें होत नाहीं. मेळघाटचे रहिवासी मुख्यतः कोरकू. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं आणि गोंडीच्याहि नाहीं. ती मुंडा कुळांतली आहे. 'कोर' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय; तेव्हां कोरकू म्हणजे 'माणसें'. चैत्रांत मोहाचीं फुलें पहांटे टपटप गळतात, तीं वेंचावयास कोरकू बायका आणि अस्वलें एकाच झाडाखालीं, पण निरनिराळ्या वेळीं येतात. गवळ्यांचीं गुरेंहि याच डोंगरांत चरत आलीं. गाविलगडाचें नांवच त्यांच्यावरून पडलें, असें सांगतात.

वाघासाठीं गाभ्याचें रान निर्मनुष्य असावें, असें धोरण ठरलें आणि या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा व कुंड हीं गांवें प्रथम उठून पायथ्याच्या सपाटींत वसलीं. त्यांच्या मागून आणखीहि गांवें उठलीं. उठणाऱ्या प्रत्येक कुटुंबास दहा लाख रुपये देण्याची केंद्रीय योजना २००८ सालीं आली; २०२१ सालीं ती रक्कम पंधरा लाख झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें हें स्थलांतर गांवाच्या संमतीनेंच व्हावयास पाहिजे. जेथें गांवें होतीं तेथें आतां गवताचीं कुरणें झालीं आहेत आणि त्यांवर गवे-सांबर चरूं लागले आहेत. हें रानाच्या दृष्टीनें हिताचें. परंतु पैसा हातांत आला म्हणजे जगण्याची विद्या येतेच असें नाहीं. ज्याला मोह, तेंदू आणि मध ठाऊक, त्याला कपाशी, सावकार आणि बाजारभाव यांच्याशीं एकाएकीं गांठ घालावी लागते. कांहीं गांवचे लोक परत रानांत आले, आणि २०१९ च्या जानेवारींत त्यांच्यांत व वनखात्याच्या माणसांत चकमकहि झाली.

हा प्रश्न वऱ्हाडापुरता नाहीं. सेरेंगेटींतील मसाई गुराख्यांना १९५९ सालीं तें रान सोडून शेजारच्या गोरोंगोरो भागांत जावें लागलें. तेथें माणूस, गुरें आणि रानटी जनावरें यांनीं एकत्र नांदावें अशी व्यवस्था झाली. पण तेथूनहि त्यांनीं उठावें कीं नाहीं, यावर अलीकडे पुन्हां वाद माजला आहे. दूरचित्रवाणीवरचा माळ निर्मनुष्य दिसतो. तो तसा दिसावा म्हणून कोणी तरी आपलें घर हालविलेलें असतें. प्रवाशानें याबद्दल अपराधी वाटून घ्यावें असें नव्हे. पण कोरकू वाटाड्यास 'वाघ दाखव' म्हणण्यापूर्वीं 'तुझें गांव कोणतें?' एवढें तरी विचारावें.

मेळघाटांत माणसांसाठीं आयुष्य वेंचणारें एक खरेंखुरें जोडपेंहि आहे. डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनीं बैरागड या आडगांवीं राहून कोरकूंची शुश्रूषा केली. बालमृत्यूंमुळें मेळघाटचें नांव देशभर झालें, त्या काळांत त्यांचें काम तेथें चालूच होतें. २०१९ सालीं दोघांना पद्मश्री मिळाली. रान राखणें आणि रानांतलें मूल जगविणें हीं परस्परविरोधी कामें नाहींत, हें त्यांच्याकडे पाहून ध्यानांत येतें.

आतां बालाघाट आणि मेळघाट यांचा एकमेकांशीं संबंध काय, तें एका वाघानेंच दाखवून दिलें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या रानांतला एक तरुण नर, गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला, २०१९ सालीं स्वतःच्या मुलखाच्या शोधांत निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांतून, शेतें, ओढे, सडका ओलांडीत, मुख्यतः रात्रीं चालून, १,३०० किलोमीटरहून अधिक वाट तुडवून तो डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत येऊन पोंचला. ज्ञानगंगा हें अजिंठ्याच्या त्याच रांगेंतलें रान, जिच्या एका टोंकाशीं पातूर आहे. तेथें त्याला भक्ष्य मिळालें, पाणी मिळालें. वाघीण मात्र नव्हती. एवढा प्रवास करूनहि त्याचा संसार मांडला गेला नाहीं.

यावरून एक गोष्ट निघते. वाघाला केवळ मोठें राखीव रान पुरत नाहीं. एका रानांतून दुसऱ्यांत जाण्यास आडोशाची वाट लागते. ती वाट तुटली, कीं प्रत्येक रान बेटासारखें एकाकी होतें, एकाच रक्ताचीं जनावरें आपसांत वाढतात आणि दोन-चार पिढ्यांत वंश खालावतो. पातूर-आलेगांवच्या टेकड्यांवरील ओसाड वाटणारें झुडुपी रान अशाच वाटेचा भाग आहे. या दृष्टीनें अकोला-खंडवा लोहमार्गाचा वादहि समजून घेण्यासारखा आहे. धुळघाटाजवळ स्वतःभोंवतींच वेढा घालून चढणारी ती अरुंद रुळांची गाडी व्याघ्र प्रकल्पाच्या पोटांतून जात असे. २०१७ च्या आरंभीं ती बंद पडली. रुंद रूळ त्याच वाटेनें टाकावे, कीं रानास वळसा घालून गांवांच्या बाजूनें न्यावे, यावर पुष्कळ चर्चा झाली. वळसा लांब पडतो, पण त्या वाटेवर माणसें आहेत. आणि गाडी माणसांसाठींच असते, हें वळशाच्या पक्षाचें म्हणणें दुर्लक्ष करण्यासारखें नाहीं.

शेवटीं पाण्याचा हिशेब. पूर्णेच्या दोहों कांठांस अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली, कीं खारें पाणी लागतें. तें पिण्यास नाहीं आणि ओलितासहि नाहीं. या पट्ट्यांतील माणूस गोड पाण्यासाठीं उत्तरेकडे पाहतो. अकोट-तेल्हाऱ्याकडील कित्येक गांवांना जें गोड पाणी मिळतें, तें सातपुड्याच्या पायथ्याशीं वान नदीवर बांधलेल्या धरणाचें. आणि वान नदी येते मेळघाटच्या रानांतून. ज्या दिवशीं त्या डोंगरावरचा साग-बांबू जाईल, त्या दिवशीं वाघ तर जाईलच. पण त्याच्या मागोमाग खारपाणपट्ट्यांतील घागर रिकामी होईल. वाघ आहे तेथें हरिण आहे, हरिण आहे तेथें चारा आहे, आणि चारा-झाडोरा आहे तेथें पाणी आहे. वाघ राखावयाचा तो या साखळीची वरची कडी म्हणून.

मग ज्याच्या तुरींत रोही शिरतात, त्यानें हा भार एकट्यानें कां सोसावा? त्यानें तो एकट्यानें सोसूं नये, हेंच उत्तर. नुकसानीची भरपाई कायद्यानें ठरलेली आहे; ती वेळेवर आणि नुकसानीच्या प्रमाणांत पोंचली पाहिजे. कुंपणासाठीं मदत पाहिजे. ती न मिळाल्यास शेतकरी चिडून तारेंत वीज सोडतो आणि मग रोह्याबरोबर वाघ-बिबट्या, कधीं शेजारचा माणूसहि मरतो. नळाचें पाणी पिणाऱ्या शहरानें रानाच्या कडेच्या शेतकऱ्याचें देणें ओळखावें, यांत उपकार नाहीं, व्यवहार आहे.

ज्या श्रोत्यांस अशी सफर करावयाची असेल, त्यांनीं थोडे नियम पाळावे. पक्ष्यांसाठीं मार्गशीर्ष-पौष, जनावरांसाठीं चैत्र-वैशाख हे महिने बरे. पावसाळ्यांत रानाच्या बऱ्याच वाटा बंद असतात, तेव्हां आधीं चौकशी करून निघावें. कपडे मातकट किंवा हिरवट असावे, अत्तर लावूं नये, गाडींतून उतरूं नये, आणि फराळाचा कागदहि रानांत टाकूं नये. पाण्याची बाटली बरोबर न्यावी आणि रिकामी झाल्यावर परत आणावी. मुख्य म्हणजे बोलणें कमी करावें.

आपलें जोडपें चार दिवसांनीं पातूरला परत येईल, तेव्हां त्यानें वाघ पाहिलेला नसेल, असें धरून चालावें. शेजारीण विचारील, "काय हो, दिसला का?" त्यावर बाई सांगतील, कीं दिसला नाहीं, पण दरींत होता; सांबर तीनदां ओरडला. रात्रीं शेताकडून जागल करणाऱ्याची हांक येईल आणि गृहस्थ कंदील-काठी घेऊन उठतील. बाई दारापर्यंत येऊन म्हणतील, "हांकून द्या, पण तारेंत वीज सोडूं नका हो." आफ्रिकेचा विचारहि त्यांनीं सोडलेला नसेल, तेथें जाण्याचा योग येईल, तेव्हां त्या माळावरच्या गुराख्यालाहि त्या प्रथम हेंच विचारतील, कीं बाबा, तुझें गांव कोणतें?